डबीचं पाणी कुठं जायलं?

आमच्या गाडीच्या डिक्कीत स्टेपनीच्या बाजूला दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या कायम असायच्या, कोल्ड्रिंकच्या, लेबल सोललेल्या, बोअरच्या पाण्यानं भरलेल्या. दादांचा नियम, म्हणजे आमच्या वडलांचा. गाडी गल्लीतून बाहेर काढायच्या आधी बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण फिरवायचं, वाकून आत बघायचं आणि बाटली उपडी करायची, गोठ्यातल्या जनावराला पाणी दाखवतात तसं. मग झाकण लावून हात पँटीला पुसत म्हणायचे, "पेली." गाडी १९९९ ची, दादांनी २००३ ला सेकंडहँड घेतली, लाल रंग होता पण टपावरचा उन्हानं उडून आता गुलाबी झालाय, एमएच २३, तीन वेळा परत पासिंग करून आणलेली. गल्लीत सगळे तिला डबी म्हणतात, आम्हीही डबीच म्हणतो, कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षात पण नाही.

मला बरीच वर्षं वाटायचं की जुनी गाडी म्हटल्यावर पाणी लागणारच, पेट्रोल लागतं तसं. गाडी पाणी पीत नसते हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. इंजिनातलं पाणी नुस्तं गोल फिरतं, इंजिनात जातं, तापतं, रेडिएटरमध्ये येऊन गार होतं, परत इंजिनात. बंद नळीतला कारभार आहे, एकदा भरलं की महिनोन्‌महिने कमी व्हायला नाही पाहिजे. कमी व्हायलंय म्हणजे कुठंतरी जायलंय. बास एवढंच. पण रोज सकाळी बाटली ओतायची सवय लागली की हा प्रश्न डोक्यातच येत नाही.

आला तो मांजरसुंब्याच्या घाटात. मे महिना, बीडला लग्न, जेवून दुपारी तीनला अंबाजोगाईकडं निघालो, गाडीत पाच माणसं, एसी फुल. पाली गेलं, बिंदुसरा धरण मागं पडलं आणि चढ सुरू झाला. चौपदरी रस्ता आहे आता, पण दोन ट्रक एकमेकाला ओव्हरटेक करायले होते दहाच्या स्पीडनं, दोन्ही लेन अडवून, त्यांच्यामागं मी दुसऱ्या गिअरमध्ये. काटा रोज निम्म्याच्या खाली असायचा तो निम्म्याच्या वर गेला, मग पाऊण, मग लाल पट्टीला टेकायला आला, मी एसी बंद केला, आणि दोन मिनिटांत काटा सरकन खाली आला, एकदम खाली. मी खूश. म्हटलं बघा उतरला, एसीमुळंच व्हायलं होतं. बायको म्हणाली, "काहीतरी वास यायलाय, पाक लागल्यासारखा." आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून वाफ.

काटा का खाली आला ते मला नंतर समजलं आणि समजल्यावर अंगावर काटा आला. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणीच संपलं की तो कोरडा पडतो, नुस्त्या वाफेत, हवेत लटकतो आणि भलतंच दाखवतो. म्हणजे काटा चढला तर घाबरायचंच, पण चढलेला काटा विनाकारण धाडकन पडला तर जास्त घाबरायचं. हे कुणीतरी ड्रायव्हिंग शिकवतानाच सांगायला पाहिजे.

बाजूला घेतली, बंद केली. मेहुणा उत्साही, टॉवेल घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाला. दादा मागच्या सीटवरून असे ओरडले की ट्रकवाल्यानं पण वळून बघितलं. शाळामास्तर होते ते, आवाज अजून तसाच आहे. "कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडतो का रे घरी?" अगदी बरोबर उदाहरण आहे हे. त्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे आत तेवढा दाब धरून ठेवायचा आणि त्याच्या वर गेला तरच सोडायचा. त्या दाबामुळं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पण तुम्ही झाकण फिरवलं की दाब एका सेकंदात गेला, मग ते शंभराच्या वरचं पाणी जागच्या जागी उकळतं आणि तोंडावर येतं. टॉवेलबिवेलनं काही होत नाही.

एका लिंबाच्या झाडाखाली तासभर बसलो. झाकण हाताला गार लागल्यावर उघडलं आणि बाटल्या ओतायला लागलो, इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं, कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. एक बाटली गेली. दुसरीतली निम्म्याच्या वर गेली. डबीच्या पोटात सगळं मिळून चार लिटर मावतं. म्हणजे आत काही नव्हतंच, मी कोरडं इंजिन घाट चढवायलो होतो. मग नेकनूर, केज, प्रत्येक ठिकाणी थांबत, पन्नासच्या स्पीडनं, खिडक्या उघड्या टाकून रात्री आठला घरी. मेहुणा केजपासून एसटीनं आला, त्याला मी दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी दादांना विचारलं की नेमकं कधीपासून पाणी टाकायलाव. म्हणाले २०१६ पासून. २०१६ म्हणजे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. आमच्या घरी टँकरचं पाणी आठवड्याला एकदा, पिण्याचं वेगळं विकत, आणि दादा त्यातलं लिटरभर डबीला बाजूला काढून ठेवायचे म्हणून आईचं आणि त्यांचं वाजायचं. आई म्हणायची माणसं तहानलेली आणि हे पत्र्याला पाजायलेत. आता हसू येतं, पण मला खरंच वाटतं की हा आपल्या भागाचा स्वभाव झालाय, पाणी कुठून आणायचं त्याची आपली तयारी एक नंबर, टँकर, बोअर, ड्रम, सिंटेक्स, सगळं तयार, पण आणलेलं कुठं गळायलंय ते कोण बघत बसतंय.

आणखी एक कबुली त्यांनी दिली, त्याच साली कुणाच्या तरी सांगण्यावरून रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकली होती. हा उपाय जुना आहे, ड्रायव्हर लोकांत चालतो, हळद फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. चालतो पण. रात्री बेरात्री रस्त्यात अडकल्यावर घरी यायला हरकत नाही. फक्त हळदीला गळणारं भोक कोणतं आणि चांगली नळी कोणती एवढी अक्कल नसते, ती दोन्हीकडं जाऊन बसते. बाजारात मिळणारी लीक थांबवायची पावडर पण याच जातीची.

तर मी ठरवलं की हे पाणी जातंय कुठं ते शोधायचंच. सुट्टी होती, उकाडा होता, दुसरं काम नव्हतं.

पहिलं काम, फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून गाडीखाली अंथरला. सकाळी बघतो तर डाव्या बाजूला हे एवढं ओलं. मी लगेच फोटो काढून मेहुण्याला पाठवला, सापडलं म्हणून. ते एसीचं पाणी निघालं. आदल्या संध्याकाळी बाजारात गेलो होतो एसी लावून, ते थेंबथेंब गळून गेलं. एसीचं पाणी साधं असतं, बोटांना चिकट बुळबुळीत लागत नाही, वास नाही, डाग नाही. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषध, बोटांत चोळलं की तेलकट वाटतं आणि वास गोडसर येतो. चव मात्र घेऊ नका, ते विष आहे, आणि गोड असल्यामुळं कुत्री मांजरं आवडीनं चाटतात नि मरतात. गाडीखालून सांडलेलं धुऊन काढा, ट्रेमधलं उघड्यावर ठेवू नका. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झालेली म्हणून मी रोज तो पुठ्ठा उचलून गच्चीवर न्यायचो.

दोन रात्री पुठ्ठा कोरडा. मग म्हटलं आधी मोजू तरी. बॉनेटखाली ती पांढरी प्लास्टिकची बाटली असते ना, रेडिएटरची जास्तीची, तिच्यावर मार्करनं रेघ मारली. इंजिन तापलं की पाणी फुगून त्या बाटलीत येतं, गार झालं की परत ओढून घेतलं जातं. चार दिवस रोज सकाळी सातला, गाडी गार असताना, बघायचं. आणि इथंच एक गंमत दिसली. बाटलीतलं पाणी होतं तिथंच, उलट वाढलेलं, आणि रेडिएटर मात्र वरून चार बोटं रिकामा. म्हणजे पाणी बाटलीत येत होतं पण परत जात नव्हतं. आणि वरचा मोठा रबरी पाइप, होज पाइप, तो सकाळी बघितला तर चपटा झालेला, आतून ओढून घेतल्यासारखा, भाकरी दुमडावी तसा.

हे झाकणाचं काम. त्या झाकणात दोन वॉल असतात, एक मोठा, दाब जास्त झाला की सोडणारा, आणि मध्ये एक टिकलीएवढा, गार होताना बाटलीतलं पाणी आत घेणारा. आमची टिकली चिकटून बसलेली. आणि दाब धरणाऱ्या रबराला चिरा, म्हणजे दाब पण धरत नव्हतं. एवढ्याशा झाकणानं दोन्ही नोकऱ्या सोडलेल्या. १८० रुपयांत नवीन आलं. घेताना जुन्यावरचा आकडा बघून तोच घ्यायचा, दुकानदार म्हणतो सगळे बसतात, बसतात सगळेच, पण ०.९ च्या जागी १.१ बसवलं की जुन्या पाइपांवर जास्तीचा ताण.

त्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला पुठ्ठ्यावर तीन थेंब सापडले, समोर उजवीकडं, खालच्या होज पाइपच्या बरोबर खाली. सात वाजता बघितलं असतं तर वाळून गेले असते. हा गळण्याचा एक प्रकार आहे, गार असतानाच गळायचं. इंजिन गरम असताना रबर फुगतं, क्लिपमध्ये घट्ट बसतं, पहाटे आकसलं की थेंब सुटतो. आणि दुसरा प्रकार याच्या उलटा, गरम झाल्यावर दाबानंच गळतं, पण तो थेंब तापलेल्या इंजिनवर पडून वाफ होऊन जातो, जमिनीपर्यंत येतच नाही. म्हणून नुसता पुठ्ठा बघून भागत नाही, बॉनेटखाली वाळलेले डाग शोधावे लागतात, हिरवट, पांढरट, नाहीतर गंजाच्या रंगाचे, माठाच्या बुडाला येतात ना क्षार, तसे. खालची क्लिप काढली तर पाइपचं टोक बोटानं दाबल्यावर बिस्किटासारखं. पाइप नवीन, क्लिप नवीन. नवा कडक होता, सरळ सरकत नव्हता, मिनिटभर गरम पाण्यात बुडवला तेव्हा कुठं बसला.

झालं, मी घरात जाहीर केलं. दादांनी नेहमीप्रमाणं सकाळी बाटली घेऊन बॉनेट उघडलं तर मी त्यांना ती रेघ दाखवली, आता पाणी टाकायचं नाही, रेघ बघायची. तोंड बारीक केलं त्यांनी.

तिसऱ्या दिवशी परत पाणी कमी. या वेळी बेल्टच्या बाजूनं सगळीकडं शिंतोडे, बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर सुद्धा, पिचकारी मारल्यासारखे. आधी हे नव्हतंच. मला खरंच कळेना की दुरुस्ती करून वाईट कसं झालं.

मग चाचाकडं गेलो. बसस्टँडच्या मागल्या गल्लीत त्यांचं गॅरेज, पाटी नाही, एक बाभळ आहे नि तिच्याखाली नेहमी दोन जीपा. दादा त्यांचे गुर्जी, कारण चाचांची पोरं दादांच्या शाळेत. मी सगळं सांगितलं, झाकण, पाइप, शिंतोडे. चाचा हसले. म्हणाले, "भैया, जुना झाकण होता ना, वो दाब सोड रहा था. आता तुम्ही दाब कोंडला. कोंडलेला दाब जहाँ कच्चा दिखेगा वहाँ से निकलेगा." म्हणजे इतकी वर्षं ते खराब झाकणच बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्या पार्टांना सांभाळून घेत होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या गाडीत एक जागा बंद केली की दाब पुढच्या कच्च्या जागेकडं जातो, तेव्हा परत गळालं तर आपलं काम चुकलं असंच नसतं.

चाचांचं दाब तपासायचं यंत्र बघण्यासारखं आहे. रेडिएटरचं एक जुनं झाकण, त्याला सायकलच्या ट्यूबचा वॉल डाग देऊन बसवलेला, त्याला पायपंप, पंपाला दाब दाखवणारं घड्याळ. कंपनीचं असलं मशीन मिळतं विकत, पण काम हेच. इंजिन गार पाहिजे, रेडिएटर काठोकाठ भरलेला पाहिजे, मग पंप मारायचा १३ पीएसआयपर्यंत, म्हणजे झाकणावरच्या ०.९ एवढाच, त्याच्या वर नाही, आणि हात काढून घ्यायचा. काटा जागेवर राहिला तर गळती नाही. आमचा काटा चहा येईपर्यंत १३ वरून ९ वर आला. इंजिन बंद, गार, फॅन नाही, बेल्ट फिरत नाही, त्यामुळं शांतपणे शोधता येतं. हे घरी मी इतके दिवस पुठ्ठे अंथरून करत होतो ते त्यांनी पाव तासात केलं.

आधी त्यांनी ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइलच्या झाकणाची आतली बाजू बघितली. तिथं चहात साय विरघळल्यासारखं पांढरट दिसलं असतं तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधली पट्टी, गेलेली, मग मोठा खर्च. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, पाण्यात सारखे बुडबुडे येतात का ते बघितलं, ते पण गॅस्केटचंच लक्षण. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. माझा जीव तोपर्यंत टांगणीला, घाटात कोरडं इंजिन चढवलं होतं ना. वाचलो. हेड वाकलं नव्हतं, म्हणजे निदान आज तरी.

मग त्यांनी खिशातून दाढीचा आरसा काढला. तळहाताएवढा गोल, मागं कुणातरी हिरोचा फोटो. तो बेल्टच्या मागं सरकवला, मला मोबाइलचा टॉर्च धरायला लावला, आणि म्हणाले बघा. वॉटर बॉडीच्या खालून, पुलीच्या मागून, एक रेघ निघाली होती वाळलेली, हिरवट पांढरी, आणि तिच्या टोकाला जिवंत थेंब. फुगायचा, लोंबायचा, पडायचा. मग दुसरा. मी किती वेळ बघत बसलो मलाच कळलं नाही. आठ वर्षं दादा सकाळी सकाळी ज्याला पाणी पाजत होते तो हा.

वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, आपल्याकडं वॉटर बॉडीच म्हणतात. आत पंखा, बाहेर पुली, दोन्हीला जोडणारा दांडा, आणि दांड्यावर सील, म्हणजे पाणी इकडं बेअरिंगकडं येऊ नये म्हणून. सील कधी ना कधी जाणारच, म्हणून बनवणाऱ्यानं सील आणि बेअरिंगच्या मध्ये खालून एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं, बेअरिंग वाचतं आणि आपल्याला कळतं. म्हणजे ते भोक ही गळती नाही, ती तक्रार आहे. चाचांनी तिथं खिळ्यानं टोकरलं तर करड्या रंगाचा वाळलेला गोळा तुटून पडला. एमसील. मधे कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजात, कुणीतरी गळायलंय म्हणून ते भोकच बुजवलं होतं. तक्रार करणाऱ्याच्या तोंडात बोळा. मग पाणी गेलं बेअरिंगमध्ये, ग्रीस धुऊन निघालं, पुली हातानं हलवली तर खटखट हलायली. चाचा काही बोलले नाहीत, तो गोळा माझ्या हातावर ठेवला फक्त. अजून आहे माझ्याकडं, गाडीच्या कागदांच्या पिशवीत.

डबीत वॉटर बॉडीपर्यंत जायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, मग तो पण बदलायचाच, परत तेवढ्यासाठी कोण उघडणार. पंप बाहेर आला तर पंख्याची पाती कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखी. ट्रेमध्ये जे पाणी निघालं ते पाणी म्हणायचं का हा प्रश्न आहे, तपकिरी, गाळ बसलेलं, टपरीवरच्या दिवसभर उकळलेल्या चहासारखं. दादा वाकून वास घेत होते, म्हटलं हळदीचा येतोय का. चिडले.

त्यातच थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. काढून टाकलेला. आपल्याकडं हे सर्रास आहे, मिस्त्री सांगतात आपला भाग गरम, इथं याचं काय काम, काढा. त्याचं काम गार भागासाठी नसतं, इंजिन लवकर तापावं आणि मग एकाच टेंपरेचरला राहावं यासाठी असतं. गार असताना तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो, तापल्यावर उघडतो. काढून टाकला की इंजिन साध्या रस्त्यावर गार गार चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि आपल्याला वाटतं वा, गरमच होत नाही. म्हणजे गरम व्हायचं कारण तसंच राहतं आणि काटा तेवढा गप्प बसतो.

नवीन आणला, त्याच्यावर ८२ असा आकडा, तेवढ्या अंशाला उघडायला लागतो. बसवायच्या आधी मी घरी आणून तपासला. जुन्या पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगलेला, बुडाला लागू द्यायचा नाही, गॅस चालू. बुडबुडे धरायला लागले आणि पाणी उकळायच्या बरंच आधी ती पितळी चकती हळूच वर उचलली गेली, कमळ उघडावं तशी, गॅस बंद केला तर परत मिटली. मी दोनदा केलं, मग दादांना बोलावून तिसऱ्यांदा, मग पोरांना. बायकोनं विचारलं हे पातेलं आता स्वयंपाकाला आणायचं का नाही तेवढं सांगा. डबी धुवायला गेलं ते.

रेडिएटर गोणीत गुंडाळून मोटरसायकलवर परळीला नेला, तिथं एक रेडिएटरवाले आहेत. डबीचा रेडिएटर तांब्यापितळेचा, जुन्या पद्धतीचा, म्हणून वरची टाकी गॅसनं तापवून उघडता आली, नळ्यांतून पट्ट्या घालून साफ करता आल्या आणि परत डाग देऊन बंद करता आली. नवीन गाड्यांत ॲल्युमिनियम आणि वर प्लास्टिकच्या टाक्या, तिथं हे चालत नाही, प्लास्टिकला चीर गेली की अख्खा बदला. निम्म्याच्या वर नळ्या बुजलेल्या होत्या. जो थर निघाला तो गिझरच्या कॉइलवर असतो तोच, पिवळट पांढरा, नखानं निघत नाही असा. बोअरचं पाणी. काळ्या दगडातून आलेलं, क्षारांनी भरलेलं, आपण आंघोळीला साबण फेसत नाही म्हणून शिव्या देतो आणि तेच गाडीला आठ वर्षं. वर त्यात गंज थांबवायचं काही नाही. कूलंटमध्ये ते असतं, नुस्त्या पाण्यात नसतं.

भरताना निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते. कूलंट जास्त म्हणजे चांगलं असं काही नाही, नुस्तं कूलंट पाण्याएवढी उष्णता ओढत नाही. भरण्यापेक्षा हवा काढणं महत्त्वाचं. झाकण उघडं, हीटर फुल गरमवर, इंजिन चालू, आणि मधून मधून वरचा होज पाइप हातानं दाबायचा, बुडबुडा येतो, पातळी खाली जाते, परत ओतायचं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत. हीटरची गरम हवा यायला लागली म्हणजे सगळीकडं पाणी पोचलं. मे महिन्यात, दुपारी, हीटर फुल लावून गाडीत बसायचं काम चाचांनी माझ्यावर सोपवलं. तिथंच त्यांनी सांगितलं की घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद आणि हेच करायचं, हीटर फुल, काचा खाली, हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. आणि काटा चढलेला असताना हीटरमधून गार हवा आली तर समजायचं पाणी संपलं, तिथंच थांबायचं.

सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले, त्यात चाचांची मजुरी १५००, ती पण दादांकडं बघून. मागच्या आठ वर्षांत एकट्या रेडिएटरच्या झाकणाकडं कुणी बघितलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं, पण ते जाऊ द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत बीडला गेलो, मुद्दाम दुपारी, मुद्दाम एसी लावून. घाट चढून मांजरसुंब्याला चहाला थांबलो, काटा निम्म्याच्या खाली, हलला नाही. घरी येऊन सकाळी रेघ बघितली, रेघेवर. दादा आता पण रोज बॉनेट उघडतात, रेघ बघतात, म्हणतात "आहे", आणि बंद करतात. बाटल्या डिक्कीतून काढू दिल्या नाहीत, फक्त पाणी बोअरचं नको म्हटलं तर डिस्टिल्डचा कॅन आणून भरून ठेवल्यात.

परवा मोठा पाऊस झाला आणि सकाळी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखालची चटई ओली. माझ्या पोटात गोळा आला, कारण तिथंच डॅशबोर्डच्या मागं हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि तो गळाला की पाणी आत याच जागी येतं, काचेवर धुकं धरतं, गोड वास येतो. वाकून चटई दाबली, बोटं चोळली, नाकाला लावली. साधं पाणी. दादा मागं उभे होते. मी म्हटलं दाराचं रबर गेलंय, पाऊस आत आला. म्हणाले, "मग बरंय, हे यायलंय, जायलं नाही." रबर इथं मिळालं नाही, लातूरहून मागवलंय, सोमवारी यायचंय, तोपर्यंत पॉलिथिन लावून ठेवलंय.